वीज कोणाला, वाट कोणाला

प्रस्तावना

जुना टेलिफोन वीज गेली तरी चालत असे. त्याला लागणारी वीज घरातल्या बोर्डातून येतच नसे. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असे, आणि आवाज ज्या दोन तारांवरून यायचा त्याच तारांवरून वीजही यायची. गावात अंधार असला तरी फोन उचलला की डायलटोन ऐकू येई. इंटरनेटवरून बोलणारे फोन आले आणि ही सोय गेली. नव्या फोनला नेटची केबल वेगळी, विजेचा अडॅप्टर वेगळा. वीज गेली की फोन मुका. २००० च्या सुमारास कंपन्यांनी नेटच्या केबलमधूनच वीज देण्याचे प्रयोग केले आणि २००३ मध्ये आयईईई या संस्थेने त्याचे मानक ठरवले. ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, बाजारच्या भाषेत ‘पीओई’, ते हेच. गंमत म्हणजे इथेही वीज साधारण ४८ व्होल्टचीच आहे.

फरक इतकाच, की एक्स्चेंज सांभाळायला सरकारी खात्याचा अभियंता असे. आज तेच काम शाळेच्या जिन्याखाली, दवाखान्याच्या भिंतीवर, पतसंस्थेच्या कपाटावर ठेवलेली एक लोखंडी पेटी करते. तिचे नाव स्विच. कोणत्या उपकरणाला किती वीज द्यायची, ती कमी पडली तर आधी कोणाला बंद करायचे, कोणी कोणत्या वाटेने जायचे, कोणाला आतच घ्यायचे नाही, हे सगळे ती पेटी ठरवते. तिला ते कोणीतरी सांगितलेले असते किंवा कोणीच सांगितलेले नसते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोणीच सांगितलेले नसते, म्हणून हे पुस्तक लिहिले.

ते लिहिताना समोर अफजलपूर होते. कलबुर्गी जिल्ह्यातला हा भीमाकाठचा तालुका. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातले अक्कलकोट, अलीकडे देवल गाणगापूर. दत्तभक्तांचा ओघ महाराष्ट्रातून अखंड चालू असतो. तालुका उसाचा आणि तुरीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधी हा सारा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे एकाच दुकानात कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. इथला कॅमेरे बसवणारा पोरगा गिऱ्हाइकाशी तीन भाषांत बोलतो, पण स्विचच्या खोक्यातले माहितीपत्रक चौथ्याच भाषेत असते. ते खोक्यातच राहते.

अशा गावात आज पीओईवर काय काय चालते ते मोजून पाहावे. कॅमेरे आहेत. वायफायचे छतावरचे डबे आहेत. बँकेतले आणि दवाखान्यातले फोन आहेत. हजेरीची अंगठ्याची यंत्रे आहेत, दरवाजाची कुलुपेही आहेत. ग्रामपंचायतीपर्यंत ‘भारतनेट’ची काचेची तार नेण्याची योजना २०११ पासून सुरू आहे. पण काचेच्या तारेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून शेवटच्या काही मीटरांत तांब्याच्या केबलला अजून पर्याय नाही. उपकरण जगते ते त्या तांब्यावर, आणि तांब्याच्या दुसऱ्या टोकाला स्विच असतो.

या स्विचचा इतिहास फार जुना नाही. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीत मांडली. त्या काळी सगळी यंत्रे एकाच केबलवर बोलत आणि एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागे. १९९० मध्ये विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने अमेरिकेत पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. कोणता निरोप कोणाचा हे ओळखून तो त्याच पोर्टवर पाठवणे एवढेच त्याचे काम होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या पेटीवर दोन जबाबदाऱ्या येऊन पडल्या, धोरणाची आणि विजेची. पुस्तकाचे दोन मुख्य भाग त्यावरच आहेत.

आधी विजेविषयी. पीओई स्विच पोर्टवर थेट ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी तो १० व्होल्टच्या आतला हलका दाब देऊन पाहतो, की पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध आहे का. तो असला तर समोरचे उपकरण पीओईचे आहे. नसला तर तो साधा संगणक किंवा प्रिंटर असणार, त्याला वीज द्यायची नाही. मग दाब १५ ते २० व्होल्टपर्यंत वाढवून तो उपकरणाचा वर्ग विचारतो. पहिल्या वर्गासाठी ४ वॅट राखून ठेवायचे, दुसऱ्यासाठी ७, तिसऱ्यासाठी १५.४, चौथ्यासाठी ३०. एवढे झाल्यावरच पूर्ण वीज सुटते. उपकरण काढून घेतले आणि प्रवाह थांबला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत पोर्ट वीज बंद करतो. म्हणूनच मानकाप्रमाणे बनवलेल्या स्विचवर चुकून लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही.

बाजारात याचा एक चुलतभाऊ मिळतो, ‘पॅसिव्ह पीओई’. हा काहीही न विचारता, बहुधा २४ व्होल्ट, सरळ तारेवर सोडतो. लांब अंतराच्या वायफाय रेडिओंबरोबर तो नेहमी येतो. त्याच्या टोकाला भलतेच यंत्र जोडले की धूर निघतो. दोघांचे प्लग आणि केबल एकच, म्हणून खोक्यावरचा ‘पीओई’ हा शब्द वाचून थांबू नये. त्याच्यापुढे ८०२.३एएफ, ८०२.३एटी किंवा ८०२.३बीटी असे लिहिले आहे का ते पाहावे. २००३ च्या पहिल्या मानकात स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, २००९ च्या मानकात ३० आणि २०१८ च्या मानकात ६० ते ९०.

स्विच देतो तेवढे उपकरणाला पोचत नाही. १५.४ वॅट निघाले तर शंभर मीटर केबलच्या शेवटी १२.९५ वॅट मिळतील असा हिशोब मानकाने धरला आहे. उरलेले जवळजवळ अडीच वॅट तारेत उष्णता होऊन जातात. हा हिशोब शुद्ध तांब्याचा आहे. आपल्याकडे स्वस्त म्हणून विकली जाणारी सीसीए केबल म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. त्यात कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशीच्या वर जाणारा आणि पेटी पत्र्याची, भर उन्हात टांगलेली. कार्यालयात वापरायचे बहुतेक स्विच ४० ते ५० अंशांपर्यंतच चालतील असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते.

नवशिक्यांना सर्वांत जास्त चकवते ते विजेचे ‘बजेट’. चोवीस पोर्टचा स्विच घेतला आणि त्यावर ३७० वॅट लिहिले असले, की वाटते भरपूर आहे. चोवीसला १५.४ ने गुणले की ३६९.६ येतात. आकडा आला तो इथून. म्हणजे हा स्विच प्रत्येक पोर्टला पंधरा वॅट देऊ शकतो. प्रत्येकाने तीस मागितले तर बारावर पुरवठा संपतो. स्वस्त स्विचमध्ये तर पोर्ट आठ आणि बजेट तिसऱ्या वर्गाची चार उपकरणे पोसण्याइतकेच, असाही प्रकार असतो.

याचे लक्षण ओळखीचे आहे: कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. कॅमेरा बदलतात, केबल बदलतात, पुन्हा तेच. दिवसा चार-पाच वॅट घेणारा कॅमेरा अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लावतो आणि त्याची भूक जवळजवळ दुप्पट होते. सगळ्यांचे दिवे एकदम लागले की बजेट ओलांडते आणि एखादा कॅमेरा गळतो. काम दुपारी पुरे करून पैसे घेऊन गेलेल्या माणसाला हे दिसतच नाही. त्यामुळे काम रात्रीही तपासावे, हा या पुस्तकातला सर्वांत स्वस्त सल्ला.

आता धोरणाविषयी. विजेचा वर्ग विचारणे हा ठोकळ हिशोब झाला. नेमके बोलणे होते ते एलएलडीपी नावाच्या रीतीने. नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्रांना एकमेकांची ओळख पटवण्याची खासगी पद्धत काढली होती. सिस्कोची १९९४ ची. पण एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ओळखत नसे. २००५ मध्ये आयईईईने सर्वांसाठी एक रीत ठरवली, ती एलएलडीपी. प्रत्येक यंत्र साधारण दर तीस सेकंदांनी केबलच्या पलीकडच्या शेजाऱ्याला सांगते: मी कोण, कोणत्या पोर्टवर, मला काय येते. हा निरोप शेजाऱ्यापाशीच थांबतो, स्विच तो पुढे पाठवत नाही. शेजारी दोन मिनिटे गप्प राहिला, तर तो गेला असे धरायचे. २००६ मध्ये फोन, कॅमेरे अशा टोकाच्या उपकरणांसाठी या रीतीला जोड मिळाली, ती एलएलडीपी-मेड.

या जोडीमुळे चार कामे सोपी झाली. स्विच फोनला सांगतो, की तुझा आवाज अमुक व्हीलॅनवर, म्हणजे स्विचमधल्या वेगळ्या वाटेवर, आणि अमुक अग्रक्रमाने पाठव. फोन सांगतो, मला नेमके किती वॅट हवेत, अगदी दशांश वॅटपर्यंत, आणि मी किती महत्त्वाचा आहे: अत्यावश्यक, महत्त्वाचा की साधा. स्विच फोनला त्याचा ठिकाणा सांगू शकतो, म्हणजे आपत्कालीन कॉल आला तर इमारतीतली खोलीही कळावी. आणि यंत्राचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक न चढता-उतरता यादीत येतो. तिसऱ्या वर्गातल्या कॅमेऱ्यासाठी स्विचने १५.४ वॅट अडवून ठेवले असतील आणि कॅमेरा म्हणाला ‘मला साडेसहा पुरेत’, तर उरलेली वीज दुसऱ्याच्या कामी येते.

तालुक्याच्या गावाला याचे महत्त्व मोठ्या शहरापेक्षा अधिक आहे. मोठी कंपनी सगळी सामग्री एकाच कारखान्याची घेते. आपल्याकडे सर्वांत कमी भावाच्या निविदेने खरेदी होते. पहिल्या वर्षी एका कंपनीचा स्विच, पुढच्या वर्षी दुसरीचे कॅमेरे, त्यानंतर आमदार निधीतून तिसरीचे फोन. ही सगळी एकमेकांशी बोलतील ती फक्त सर्वांना मान्य असलेल्या मानकावर. म्हणून निविदेत कंपनीचे नाव लिहिण्यापेक्षा मानकाचे नाव लिहावे.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये आखलेल्या वेगळ्या वाटा. १ ते ४०९४ असे त्यांचे क्रमांक असतात. एका वाटेवरचा माणूस, परवानगी दिल्याशिवाय, दुसऱ्या वाटेवरच्या यंत्राला पाहू शकत नाही. पाहुण्यांचा वायफाय, कार्यालयाचे संगणक आणि कॅमेरे या तीन वाटा तरी वेगळ्या असायलाच हव्यात. कारण २०१६ मध्ये जगाला दिसले. ‘मिराय’ नावाच्या घातकी प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. कॅमेरा हा डोळा असलेला संगणकच आहे आणि त्याला संगणकाइतकेच जपावे लागते.

एक इशारा मात्र इथेच देतो, कारण तो बहुतेक माहितीपत्रकांत नसतो. एलएलडीपीवर कोणाचीही ओळख तपासली जात नाही. लॅपटॉप ‘मी फोन आहे’ म्हणाला तर स्विच त्याला खुशाल फोनच्या वाटेवर घेतो. ओळख पटवायची रीत वेगळी आहे, ८०२.१एक्स. तिच्यात यंत्राला नाव आणि पासवर्ड किंवा प्रमाणपत्र दाखवावे लागते. जुन्या, स्वस्त कॅमेऱ्यांना ते जमत नाही. मग त्यांना हार्डवेअर पत्त्यावरून आत घ्यावे लागते आणि तो पत्ता नक्कल करता येतो. म्हणून कॅमेऱ्यांच्या वाटेवरून रेकॉर्डरखेरीज कुठेही जाता येणार नाही, असे बंधन घालावे. ओळख कच्ची असेल तर वाट तरी अरुंद असावी.

आता या पुस्तकाचे मुख्य म्हणणे. वीज कमी पडली की कोणीतरी बंद पडणार, हे अटळ आहे. कोण, हा प्रश्न आहे. अनेक स्विचमध्ये कारखान्यातून येताना सगळे पोर्ट सारख्याच, ‘साध्या’, दर्जाचे असतात आणि बरोबरी झाली की लहान क्रमांकाच्या पोर्टला झुकते माप मिळते. भीमेवरच्या सोन्नच्या बॅरेजचे पाणी कालव्यात सुटले की हेडचा शेतकरी भिजवून घेतो आणि टेलचा वाट पाहत बसतो. तसाच हा प्रकार. पहिल्या पोर्टवर कोण आहे? केबल ओढणाऱ्याच्या हाताला जे आधी लागले ते. दवाखान्यात अपघात विभागाचा फोन बाविसाव्या पोर्टवर आणि वाहनतळाचा कॅमेरा दुसऱ्यावर असेल, तर अडचणीच्या वेळी फोन जाईल आणि कॅमेरा रिकामा वाहनतळ दाखवत राहील. ही यंत्राची चूक नाही. कोणी काही ठरवलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

ठरवणे हे तंत्रज्ञाचे एकट्याचे कामही नाही. साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावरचा कॅमेरा शेतकऱ्याला सर्वांत मोलाचा वाटतो, कार्यालयाला कदाचित फाटकावरचा. गाणगापुरात उत्सवाच्या गर्दीत भीमा-अमरजा संगमाच्या पायऱ्यांवरची नजर जीव वाचवू शकते, दानपेटीवरची नजर पैसा वाचवते. दोन्ही हव्यातच. पण एकच राहणार असेल तर कोणती, याचे उत्तर स्विचच्या पुस्तिकेत सापडणार नाही. ते संस्थेच्या बैठकीत ठरवावे आणि ठरावात लिहावे. आणि सगळेच ‘अत्यावश्यक’ लिहू नये. तसे लिहिले तर काहीच लिहिले नाही असे होते, कारण स्विच पुन्हा पोर्टच्या क्रमांकावरच येतो.

इथे एक सर्रास आढळणारा गैरसमज दूर करायला हवा. वीज जाऊन सगळे इन्व्हर्टरवर आले, की स्विच आपोआप साधी उपकरणे बंद करून बॅटरी वाचवील असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. अग्रक्रम चालतो तो स्विचचे स्वतःचे बजेट ओलांडले तरच. भिंतीतून येणारी वीज सरकारी की बॅटरीची, हे साध्या स्विचला कळत नाही. हिशोब करून पाहा. बारा व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पूर्ण उतरू न देता, प्रत्यक्षात हजार-अकराशे धरावेत. रात्री आठ वॅटचे बारा कॅमेरे म्हणजे ९६, स्विचचे स्वतःचे २०, रेकॉर्डरचे ३०, फायबरचा डबा आणि राउटर मिळून २०. एकूण १६६, इन्व्हर्टरचा तोटा धरून दोनशेच्या आसपास. म्हणजे साडेपाच तास. कमी महत्त्वाचे सात कॅमेरे बंद केले तर हीच बॅटरी आठ तासांच्या वर जाते. हे बंद करणे वेळापत्रकाने, यूपीएसच्या सूचनेने किंवा हाताने घडवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये उजनी धरणाचे पाणी सुटून भीमेला पूर आला, तेव्हा काठच्या गावांना घरे सोडून उंच जागी जावे लागले. अशा रात्री तीन तासांचा फरक लहान नसतो. आणि रेकॉर्डर व राउटर बॅटरीवर घ्यायचे राहून गेले असेल, तर कॅमेरे चालू असूनही नोंद काहीच होत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात केबल, जोडणी आणि विजेचे गणित आहे. दुसऱ्यात एलएलडीपी, व्हीलॅन आणि अग्रक्रम. तिसऱ्यात प्रवेशाची ओळख आणि कॅमेऱ्यांची सुरक्षितता. चौथा भाग छोटा आहे आणि तो तंत्रज्ञाने संस्थाचालकांसोबत बसून वाचायचा आहे: त्यात अग्रक्रमाचा तक्ता, बॅटरीचा हिशोब आणि निविदेत घालायच्या अटी आहेत. कोणत्याही एका कंपनीच्या आज्ञा पाठ करून घेतलेल्या नाहीत. आज्ञा बदलतात, ओहमचा नियम बदलत नाही. बाजारात रूढ झालेले शब्द तसेच ठेवले आहेत. पोर्टला पोर्टच म्हटले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या हाती क्रिंपिंगचा पाना आहे त्यांनी पहिला भाग सोडू नये, आणि ज्यांच्या हाती सहीचा अधिकार आहे त्यांनी चौथा. दोघांनाही एकच विनंती आहे. पुस्तक पुरे होण्याची वाट पाहू नका. आपल्या स्विचवर कोणत्या पोर्टला काय जोडले आहे त्याची यादी करा. वीज कमी पडली तर सर्वांत शेवटी काय बंद व्हावे, ते त्या यादीत पहिल्या ओळीत लिहा. खाली तारीख घाला, जबाबदार माणसाची सही घ्या आणि तो कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा.